विश्लेषण : प्रशिक्षण संपले, नोकरीचे काय? तरुणांसाठीच्या ‘विद्यावेतन’ योजना कुठे अडतात?

राज्यात बारावी, आयटीआय किंवा पदवीनंतर घरी बसलेल्या तरुणांना कामाचा अनुभव मिळावा, यासाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली. मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ अशी मागणी करत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. केंद्राच्या इंटर्नशिप योजनेला पहिल्या फेरीत वेगळाच अनुभव आला. तेथे जागा होत्या, पण रुजू होणारे कमी होते. गरीब घरातील तरुणाला प्रशिक्षणातून नोकरीपर्यंत न्यायचे असेल, तर धोरणात कोणते बदल हवेत, याचा हा आढावा.

बेरोजगारीचे नेमके स्वरूप काय?

देशातील १५ वर्षांवरील लोकसंख्येचा बेरोजगारी दर २०२३-२४च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार ३.२ टक्के होता. १५ ते २९ या वयोगटात मात्र तो १०.२ टक्के, म्हणजे तिपटीहून अधिक होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांच्या ‘भारत रोजगार अहवाल २०२४’नुसार देशातील एकूण बेरोजगारांमध्ये सुमारे ८३ टक्के तरुण आहेत. २०२२ मध्ये लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील बेरोजगारी दर ३.४ टक्के होता, तर पदवीधर तरुणांतील दर २९.१ टक्के.

निरक्षर तरुणाला चांगले काम मिळते, असा या आकड्यांचा अर्थ नाही. त्याच्या घरात चूल पेटायची तर त्याला मिळेल ते काम करावेच लागते, म्हणून तो बेरोजगारांच्या यादीत दिसत नाही. शिकलेला तरुण काही काळ थांबतो, स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरतो आणि यादीत येतो. अल्प उत्पन्न गटातील तरुण या दोघांच्या मध्ये सापडतो. घरात शिकलेली पहिली पिढी तीच असते. शिक्षणामुळे मजुरी नकोशी होते, पण वाट पाहण्याची ऐपत घराकडे नसते.

राज्याची योजना नेमकी काय आहे?

जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली आणि जुलैमध्ये शासन निर्णय निघाला. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या पाठोपाठ आल्याने ती ‘लाडका भाऊ’ या नावाने ओळखली गेली, पण मुली आणि मुले दोघेही तिला पात्र आहेत. वयोमर्यादा १८ ते ३५ वर्षे आणि किमान पात्रता बारावी उत्तीर्ण. बारावी झालेल्याला दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन थेट बँक खात्यात मिळते. वर्षाला १० लाख तरुण आणि सुमारे ५ हजार ५०० कोटी रुपये खर्च, असे या योजनेचे गणित मांडले गेले. म्हणजे माणशी सुमारे ५५ हजार रुपये.

प्रशिक्षणाचा काळ सुरुवातीला सहा महिने होता. २०२५ मध्ये तो पाच महिन्यांनी वाढवून ११ महिने करण्यात आला. खासगी आस्थापनांबरोबरच सरकारी कार्यालये, स्थानिक स्वराज्य संस्था आणि शाळांमध्येही प्रशिक्षणार्थी नेमले गेले. पूर्ण विद्यावेतन सरकार देते, त्यामुळे उद्योजकाच्या खिशाला तोशीस नाही. लहान उद्योगांना ही बाब सोयीची वाटली आणि योजनेचा प्रसारही वेगाने झाला.

प्रशिक्षणार्थी नाराज का?

पहिले कारण मुदतीनंतरच्या अनिश्चिततेचे आहे. योजनेत नोकरीची हमी नव्हती, हे कागदावर स्पष्ट होते. पण सरकारी कार्यालयात वर्षभर टपाल नोंदवणाऱ्या, संगणकावर दाखले तयार करणाऱ्या किंवा शाळेत तास घेणाऱ्या तरुणाला आपण रिकामी जागा भरून काढत आहोत, हे दिसत होते. काम नियमित स्वरूपाचे असेल, तर काम करणारा तात्पुरता का, हा त्याचा प्रश्न आहे.

दुसरे कारण रकमेचे. महिन्यात कामाचे २६ दिवस धरले, तर ६ हजार रुपये म्हणजे दिवसाला सुमारे २३१ रुपये. त्याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रात महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेचा मजुरी दर २९७ रुपये होता. बारावी झालेल्या तरुणाला प्रशिक्षणासाठी मिळणारी रक्कम रोहयोच्या कामावरील मजुरीपेक्षा कमी होती. त्यातूनच एसटीचे भाडे, डबा आणि मोबाइलचा खर्च भागवायचा. घरून कामावर जाता येत असेल तर हे जमते. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून चाकण, रांजणगावला येऊन खोली घ्यायची असेल, तर जमत नाही.

तिसरे कारण प्रमाणपत्राच्या वजनाचे आहे. अनुभव घेतला हे प्रमाणपत्रावरून कळते. उमेदवाराला नेमके कोणते काम किती चांगले येते, हे मात्र कळत नाही. दुसऱ्या कंपनीच्या दारात उभे राहिल्यावर नेमके हेच विचारले जाते.

‘अप्रेंटिस’ आणि ‘प्रशिक्षणार्थी’ यांत फरक काय?

शिकाऊ उमेदवारांसाठी देशात १९६१ पासून स्वतंत्र कायदा आहे. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार पाचवी ते नववी शिकलेल्या उमेदवाराला किमान ५ हजार, दहावी उत्तीर्णाला ६ हजार, बारावी उत्तीर्णाला ७ हजार, पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला ९ हजार रुपये विद्यावेतन ठरले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, म्हणजे दरमहा कमाल दीड हजार रुपयांचा वाटा उचलते. उरलेली रक्कम मालक देतो.

या तपशिलातून तीन फरक पुढे येतात. शिकाऊ उमेदवार कायद्याचे दार पाचवी शिकलेल्यालाही उघडे आहे, तर राज्याच्या योजनेचे दार बारावीला उघडते. कामावर दुखापत झाल्यास शिकाऊ उमेदवाराच्या भरपाईची जबाबदारी कायद्याच्या कलम १६ नुसार मालकावर येते. राज्याच्या योजनेतील प्रशिक्षणार्थींना मात्र किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा आणि नुकसान भरपाई यांसारखे कामगार कायदे लागू होणार नाहीत, असे सुरुवातीलाच सांगण्यात आले. तिसरा फरक परीक्षेचा. शिकाऊ उमेदवारीच्या शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारे प्रमाणपत्र असते.

नोकरी देण्याचे बंधन १९६१ च्या कायद्यातही मालकावर नाही. २०१४ च्या दुरुस्तीने आपल्याकडे शिकलेल्या उमेदवारांना घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे, एवढेच म्हटले आहे.

केंद्राच्या इंटर्नशिप योजनेतून काय दिसले?

जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत एक कोटी तरुणांना देशातील ५०० मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिप देण्याची घोषणा झाली. ऑक्टोबरमध्ये प्रायोगिक टप्पा सुरू झाला. वय २१ ते २४, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत, मुदत एक वर्ष आणि दरमहा पाच हजार रुपये, असे त्याचे स्वरूप होते. या पाच हजारांपैकी साडेचार हजार सरकारचे आणि पाचशे कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतले. सुरुवातीला सहा हजार रुपये एकरकमी मिळतात.

पहिल्या फेरीत कंपन्यांनी सव्वा लाखाहून अधिक संधी नोंदवल्या. सुमारे ८२ हजार प्रस्ताव उमेदवारांकडे गेले. त्यांपैकी सुमारे २८ हजार प्रस्तावांना होकार आला आणि प्रत्यक्ष रुजू झाले नऊ हजारांहून कमी. घरापासूनचे अंतर आणि वर्षभराचा कालावधी ही गळतीची प्रमुख कारणे म्हणून पुढे आली.

गरजू तरुण संधी का नाकारतो, याचे उत्तर या गळतीत आहे. पाच हजारांत परक्या शहरात राहायचे, तर घरून पैसे मागवावे लागतात. ज्याच्या घरून पैसे येऊ शकतात, त्यालाच ही इंटर्नशिप परवडते. योजना अल्प उत्पन्न गटासाठी आखलेली असली, तरी तिची रचना नकळत मध्यमवर्गीय मुलाच्या सोयीची होते. मुलींच्या बाबतीत त्यात सुरक्षित वसतिगृहाचा आणि रात्रपाळीच्या प्रवासाचा प्रश्न जोडला जातो.

अल्पमुदतीच्या प्रशिक्षणाचा आजवरचा अनुभव काय?

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. काही आठवड्यांचे वर्ग, परीक्षा आणि प्रमाणपत्र असा तिचा साचा. पहिल्या तीन टप्प्यांत प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी किती जणांना नोकरी लागली, याची नोंद ठेवली गेली. अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांत हे प्रमाण निम्म्याहून कमी राहिले. चौथ्या टप्प्यात योजनेचा नोकरीच्या नोंदीशी असलेला थेट संबंध काढून टाकण्यात आला.

या पद्धतीतील दोष २०१६ मध्येच समोर आले होते. शारदा प्रसाद समितीने क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदांच्या कामाची तपासणी केली. उद्योगांना हवे ते कौशल्य मिळाले नाही आणि तरुणांना योग्य वेतनाची नोकरीही मिळाली नाही, असा तिच्या अहवालाचा रोख होता. किती जणांना प्रशिक्षण दिले यावर संस्थांना पैसे मिळत गेले, तर संस्था वर्ग भरवण्याकडे लक्ष देतात. विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यात त्यांचे हित उरत नाही.

दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेची रचना याहून वेगळी आहे. ग्रामीण गरीब कुटुंबांतील तरुणांसाठीच्या या योजनेत निवासी प्रशिक्षणाची सोय आहे, नोकरी लागल्यानंतरही काही काळ आधार देण्याची तरतूद आहे आणि संस्थेला मिळणाऱ्या पैशांचा शेवटचा भाग नोकरी मिळवून देण्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानामार्फत ती राबवली जाते.

संशोधन काय सांगते?

जागतिक बँकेतील अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये विकसनशील देशांतील अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. व्यवसाय प्रशिक्षण देऊ केलेल्या १०० जणांमागे, एरवी मिळाली नसती अशी नोकरी तिघांहून कमी जणांना मिळते, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रशिक्षण दिले की रोजगार वाढतो, हे गृहीतक त्यामुळे तपासून घ्यावे लागते.

सगळे प्रशिक्षण निष्फळ ठरते, असे मात्र नाही. युगांडात तरुणांचे दोन गट करून एकाला संस्थेत व्यवसाय प्रशिक्षण, तर दुसऱ्याला थेट कंपनीत काम शिकण्याची संधी देण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कंपनीत शिकलेले तरुण आधी कामाला लागले. पण काही काळाने संस्थेत शिकलेले त्यांच्या पुढे गेले. नोकरी सुटल्यावर त्यांना दुसरी लवकर मिळत होती, कारण त्यांच्याकडे कुठेही दाखवता येईल असे प्रमाणित कौशल्य होते. कंपनीत शिकलेल्यांचे कौशल्य बरेचसे त्या कंपनीपुरतेच राहिले.

अमेरिकेत अल्प उत्पन्न गटासाठी एकाच क्षेत्रावर भर देणाऱ्या कार्यक्रमांनी उत्पन्नात टिकाऊ वाढ दाखवली आहे. आरोग्यसेवा किंवा माहिती तंत्रज्ञान असे मागणी असलेले क्षेत्र निवडायचे, त्यातील मालकांशी आधी बोलून अभ्यासक्रम ठरवायचा, इतरत्र चालेल असे प्रमाणपत्र द्यायचे आणि उमेदवाराच्या प्रवासाच्या किंवा मुलांना सांभाळण्याच्या अडचणींतही मदत करायची, ही त्यांची पद्धत. यातला शेवटचा भाग आपल्या योजनांत क्वचितच आढळतो.

महाराष्ट्राच्या गाठीशी कोणता अनुभव आहे?

रोजगाराला हक्काचे रूप देण्याचा प्रयोग याच राज्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मागणी केल्यावर काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. पैशांची सोयही ठरलेली होती. पगारदारांच्या पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये याच योजनेसाठी सुरू झाला. शहरातील पगारदाराने गावातील मजुराच्या कामाचा भार उचलायचा, असा हा व्यवहार होता. पुढे केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला याच योजनेचा आधार मिळाला.

शिक्षणाच्या बाजूने पाहिले, तर पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या ग्रामीण मुलांना वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन अशी कामे हाताने करत शिकवायची, त्या कामांचा गावाला उपयोग व्हायला हवा आणि त्यातून मुलाने स्वतःचा व्यवसाय उभा करावा, अशी ही कल्पना. परीक्षेत नापास झालेला मुलगा कामात नापास नसतो, हे त्यातून दिसले. राज्याच्या सध्याच्या योजनेत बारावीची अट असल्याने नेमका हाच मुलगा बाहेर राहतो.

धोरणात कोणते बदल मागितले जात आहेत?

एक, प्रशिक्षणाचा आराखडा. प्रत्येक आस्थापनेने कोणते काम किती महिन्यांत शिकवणार, हे आधी लिहून द्यावे आणि शेवटी त्रयस्थ यंत्रणेने चाचणी घ्यावी. शिकाऊ उमेदवार कायद्याची चौकट तयार असल्याने राज्याचे विद्यावेतन तिच्याशीच जोडावे, असा आग्रह आहे. मालकाचा वाटा, राज्याचा वाटा आणि देशभर मान्य प्रमाणपत्र ही तिन्ही कामे मग एकाच ठिकाणी होतील.

दोन, अपघाताचे संरक्षण. यंत्रावर काम करणाऱ्याला तो कर्मचारी आहे की प्रशिक्षणार्थी, हे यंत्र विचारत नाही. किमान अपघात विमा आणि भरपाई सर्वांना लागू असावी.

तीन, अंतरानुसार रक्कम. घरून ये-जा करणाऱ्याला आणि दुसऱ्या जिल्ह्यात राहणाऱ्याला सारखीच रक्कम देण्याऐवजी निवास आणि प्रवासासाठी वेगळा भत्ता द्यावा. औद्योगिक वसाहतींजवळ मुलींसाठी वसतिगृहे हवीत.

चार, दहावीच्या आत शिक्षण सुटलेल्यांसाठी दार. त्यांना आयटीआय किंवा मुक्त विद्यालयाच्या जोडीने कामावर शिकण्याची संधी मिळावी.

पाच, नोंद आणि उत्तरदायित्व. प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने उमेदवार कुठे आहे आणि किती कमावतो, हे जिल्हानिहाय जाहीर व्हावे. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून संघटित क्षेत्रातील नोकरी पडताळता येते. ज्या आस्थापना दरवर्षी नवे प्रशिक्षणार्थी घेतात, पण कुणालाच ठेवत नाहीत, त्यांना पुढील खेप देऊ नये.

सहा, सरकारी कार्यालयांबाबत स्पष्टता. रिक्त पदाचे काम प्रशिक्षणार्थीकडून करून घ्यायचे असेल, तर ती भरतीच आहे. प्रशिक्षण असेल, तर त्याचा शेवट कुठे होतो, हे पहिल्याच दिवशी सांगावे.

दुसरी बाजू काय?

अटी वाढल्या की लहान उद्योजक मागे सरतो, हा आक्षेप खोटा नाही. १९६१ चा कायदा असूनही अनेक आस्थापना कागदपत्रांच्या कटकटीमुळे शिकाऊ उमेदवार घेण्याचे टाळत आल्या. राज्याची योजना सोपी होती, म्हणूनच ती पसरली. सर्वांना सरकारी सेवेत कायम करण्याची मागणीही तितकीच अडचणीची आहे. तसे केल्यास स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या लाखो तरुणांवर अन्याय होईल आणि आरक्षणाच्या नियमांचा प्रश्न उभा राहील.

शिवाय प्रशिक्षणाने नोकऱ्या निर्माण होत नाहीत. फार तर आहे त्या नोकरीपर्यंत उमेदवार पोहोचतो. त्यासाठी केंद्राने १ ऑगस्ट २०२५ पासून सुमारे ९९ हजार ४४६ कोटी रुपयांची रोजगार प्रोत्साहन योजना लागू केली. त्यात पहिल्यांदा नोकरी करणाऱ्याला दोन हप्त्यांत १५ हजार रुपयांपर्यंत आणि नवा कर्मचारी घेणाऱ्या मालकाला दरमहा तीन हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी ६० हजार कोटींची ‘पीएम सेतू’ योजना ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यात देशातील एक हजार सरकारी आयटीआय आहेत. चारशेहून अधिक सरकारी आयटीआय असलेल्या महाराष्ट्राला तिचा मोठा उपयोग करून घेता येईल.

पुढे काय?

राज्याचे विद्यावेतन, केंद्राचा शिकाऊ उमेदवारीतील वाटा, मालकाला मिळणारे प्रोत्साहन आणि आयटीआयचे नूतनीकरण हे चार पैशांचे झरे आज वेगवेगळ्या विभागांतून वाहतात. आयटीआयत शिकलेल्या मुलीला तालुक्याजवळच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी, तेथून प्रमाणपत्र आणि त्याच किंवा शेजारच्या कारखान्यात भविष्य निर्वाह निधीसह पहिली नोकरी, अशी सलग वाट त्यातून तयार होऊ शकते. त्यासाठी नव्या योजनेपेक्षा आहेत त्या योजना एकमेकींना जोडण्याची अधिक गरज आहे.

योजनेचे यश किती लाख अर्ज आले, यावर मोजले जाईल तोवर मुदत संपल्यावरचा प्रश्न दर वर्षी नव्याने उभा राहील. माणशी ५५ हजार रुपये खर्चून वर्षभराने किती तरुण कमावते झाले, हा आकडा विधिमंडळात दर अधिवेशनात मांडला गेला, तर योजनेतील दुरुस्त्याही त्याच आकड्यावरून ठरवता येतील.